गर्डरखालून

मेघनाने क्लच हळूच सोडला. ट्रक हातभर पुढे सरकला आणि बाहेर रस्त्यावर उभा असलेला शंतनु दोन्ही हात वर करून ओरडला,

“थांब, थांब, थांब!”

तिने ब्रेक दाबला, पण तोवर डोक्यामागे पत्रा लोखंडाला घासल्याचा आवाज झालाच होता. इंजिन बंद करून ती खाली उतरली आणि मान वर करून बघत राहिली.

कॉटन ग्रीनच्या त्या जुन्या गोदामाच्या दारावर एक लोखंडी गर्डर होता. कधीकाळी त्याखालून कापसाच्या गाठींनी भरलेल्या गाड्या ये-जा करत. आज त्याच गर्डरला ट्रकवर बांधलेल्या खोलीची पुढची कड जाऊन टेकली होती. चार बोटांनी खोली उंच होती.

“असं कसं झालं?” शंतनु नवऱ्याच्या नव्हे, अगदी परक्या माणसाच्या आवाजात म्हणाला. “तू तर दार मोजलं होतंस.”

“मोजलं होतं.”

“मग?”

उत्तर रमाकांत मेकॅनिकने दिलं. भायखळ्याच्या गॅरेजमधून तो खास आज गाडी बाहेर काढायला आला होता. तो चाकाशी उकिडवा बसला, आत डोकावला आणि मान खाजवत उठला.

“ताई, आपण मागच्या महिन्यात स्प्रिंगचे पाटे बदलले ना. जुने पार बसले होते. नवे टाकले, तशी गाडी उचलली गेली. माझ्या पण डोक्यात नाही आलं.”

मेघनाला मोठ्याने हसावंसं वाटलं. ती लोकांच्या घरांतली स्वयंपाकघरं आखून द्यायची. तिचं माप सूतभरही चुकत नाही, असं तिच्या ऑफिसातले सुतार सांगत. इथेही माप बरोबरच होतं. माप घेतलं तेव्हा ट्रक म्हातारा होता आणि आता तो तरणा झाला होता, एवढंच.

ट्रक तिच्या वडिलांचा. वाशीहून भायखळ्याच्या बाजारात भाजी आणण्यात त्याची उमर गेली. शाळेला सुट्टी असली की मेघना वडिलांच्या शेजारी बसून जायची; गिअर कधी टाकायचा हे ती इंजिनाच्या आवाजावरून शिकली. वडील गेल्यावर भावांनी भंगारवाल्याला बोलावलं, तेव्हा ती गाडीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, “मला द्या.” त्या वेळी पुढे काय करायचं हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. ते हळूहळू ठरत गेलं. आधी शंतनुला सांगितलं. तो सिनेमांच्या संवादांचं भाषांतर करून द्यायचा. त्याला लॅपटॉप आणि वीज मिळाली की काम कुठूनही होतं. मग मुलीला, मनवाला. तिने भिंतीवर नकाशा लावून समुद्राकाठची गावं रंगवायला घेतली. लालबागहून निघायचं, कोकण उतरायचं, कन्याकुमारीला वळसा घालायचा, पूर्वेच्या काठाने वर चढून थेट आसाम गाठायचं. वर्षभर. घर सोबत घेऊन.

दिवाळीपासून हे गोदामच त्यांचं दुसरं घर झालं होतं. मालक ओळखीचा होता. गोदाम पाडायचंच होतं, तोवर वापरा म्हणाला. त्यांनी गंजलेला पत्रा खरवडला, लोखंडी सांगाडा उभा केला, आतून प्लायवूड लावलं, पाण्याची टाकी बसवली, छतावर, कडेपेक्षा खालीच, सोलरचे पत्रे चढवले. छत गळलं. पुन्हा बुजवलं, पुन्हा गळलं. तिसऱ्यांदा मेघनाने स्वतः वर चढून सांध्यासांध्यात रबराची पेस्ट भरली आणि पाइपने पाणी सोडलं. आत शंतनु आणि मनवा हात पसरून बसले होते. एक थेंब पडला नाही. त्या दिवशी तिघेजण, ती ओल्याच अंगाने, वडापाव खायला गेले होते.

उद्या सकाळी गोदामाभोवती पत्रे ठोकले जाणार होते. आज गाडी निघाली नाही, तर निघणारच नव्हती.

“गर्डर थोडा कापला तर?” शंतनुने विचारलं.

“अख्खी भिंत त्याच्यावर उभी आहे.”

“मग छत कापू. वरची पट्टी काढू.”

 मेघनाने छताकडे बघितलं आणि मग शंतनुकडे. तो नजर चुकवत म्हणाला, “बरं. नको कापायला.”

रमाकांतने चारही चाकांतली हवा काढायला घेतली. टायर पोटात गेले, गाडी खाली बसली. दोन बोटं मिळाली. “याच्यापेक्षा जास्त नको, ताई. रिंग टायर खाईल.”

दोन बोटं उरली. शंतनु मागच्या दाराने आत चढला. हवेसाठी छताला बसवलेली खिडकी उचकटून काही जागा होते का, ते बघायला. ती निघत नव्हती. वैतागून त्याने मागून धप्पकन खाली उडी मारली. मेघनाचा हात त्या वेळी खोलीच्या कडेवर होता. कड तिच्या बोटांखाली किंचित वर आली.

ती तशीच उभी राहिली.

“शंतनु, परत चढ.”

“कशाला?”

“चढ तर.”

तो चढला. कड खाली गेली. अगदी सूतभर, पण गेली.

“दादा, आता तुम्ही चढा.”

रमाकांत चढला. अजून सूतभर. तो दारातूनच ओरडला, “ताई, माल भरायचा! भरलेली गाडी बसते! पण माल कुठून आणणार? गोदाम तर साफ आहे.”

मेघनाने तोवर फोन काढला होता. लालबागच्या त्यांच्या चाळीत सगळ्यांत आधी फोन उचलतात ते जयवंतकाका. त्यांनीच उचलला.

“काका, माणसं हवीत. चाळीतली, असतील तेवढी. आत्ता, गोदामात.”

“का गं, भांडण झालं की काय?”

“नाही. वजन हवंय.”

 जयवंतकाका पहिल्या दिवसापासून या बेताची टर उडवत आले होते. पोरीच्या शाळेचं काय, गाडी घाटात बंद पडली तर काय, कासवासारखं घर पाठीवर घेऊन फिरायचं हे कसलं फॅड, असं जिन्यात भेटेल त्याला ऐकवत होते.

“जाड माणसं चालतील का?” त्यांनी विचारलं.

“जाडच आणा,” मेघना म्हणाली.

रविवार होता. टॅक्स्या आल्या, स्कूटरी आल्या, काहीजण चालतच आले. चाळीच्या गणपती मंडळाचा हर्षवर्धन पाच-सहा पोरं घेऊन आला. मंडपाचे बांबू उचलून त्यांचे खांदे कसे झाले होते हे त्यांच्याकडे बघितल्यावर कळे. शेजारची प्राची आपल्या दोन्ही नणंदांना घेऊन आली. जयवंतकाका सर्वांच्या पुढे, पोटावरून हात फिरवत.

“एवढी वर्षं आम्ही काय उगाच खाल्लं?”

शेवटच्या टॅक्सीतून मनवा आणि तिची आजी उतरल्या. आजीच्या हातात कापडी पिशवी होती.

ती पिशवी पाहून मेघनाने मान वळवली. आजचं ठरलेलंच होतं: इथूनच सासूबाईंना, सुंदराबाईंना, टॅक्सीने डोंबिवलीला त्यांच्या लेकीकडे, दीपिकाकडे, पोचवायचं आणि उद्या निघायचं. सुंदराबाईंना सोबत न्यायचं म्हणून मेघनाने किती परींनी विचारलं होतं. त्यांचं उत्तर एकच. “माका नाय चढूचा त्या डब्यात. घर म्हटला म्हणजे जमिनीर पायरी होयी.” आणि एकदा, भांडी विसळता विसळता, पाठमोऱ्याच म्हणाल्या होत्या, “म्हातारा माणूस प्रवासात ओझा होता गो.”  गिरण्या चालू होत्या तेव्हा गावाकडच्या कामगारांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या खानावळीचा पसारा या बाईने एका खोलीत सांभाळला होता. तिने स्वतःला ओझं म्हणावं, हे मेघनाला पटत नव्हतं आणि खोडूनही काढता येत नव्हतं.

लोक चढू लागले. बाकांवर बसले, पलंगांवर बसले, बोळात दाटीवाटीने उभे राहिले. कोणी नळ सोडून बघितला, कोणी कपाटं उघडली.

“अरे, संडास पण आहे!” जयवंतकाकांचा आवाज आला. “आपल्या चाळीत मजल्याला एक, आणि इथे घरात!”

रमाकांत शिडीवर चढून कडेकडे बघत होता. “बसतेय! बसतेय! अजून येऊ द्या!”

मंडळाची पोरं मागच्या बंपरवर लोंबकळली. सगळे चढून झाले. रमाकांतने गर्डर आणि पत्र्यामधून बोट फिरवलं आणि ते एका ठिकाणी अडलं.

“नखभर,” तो म्हणाला. “एवढंसं नखभर लागतंय, ताई. पुढच्या कोपऱ्यात.”

आता कोणी उरलं नव्हतं. म्हणजे सुंदराबाई होत्या. त्या रस्त्याच्या कडेला, टॅक्सीच्या दाराशी, पिशवी धरून उभ्या होत्या. मनवा आतून खिडकीतून त्यांच्याकडे बघत होती. शंतनुने आईकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मेघनाने त्याचा दंड धरला. आता पुन्हा विचारायचं नाही, असं तिने मनाशी केव्हाच ठरवलं होतं.

टॅक्सीवाल्याने पानाची पिंक टाकली. आतून कोणीतरी ओरडलं, “लवकर करा रे, घाम फुटला!”

सुंदराबाईंनी पिशवी टॅक्सीच्या सीटवर ठेवली. पदर खोचला. गाडीच्या मागे येऊन पायरीचा अंदाज घेतला आणि हर्षवर्धनच्या खांद्यावर हात टेकून वर चढल्या.

“सरा गो जरा,” त्या आतल्या बायकांना म्हणाल्या. “खयच्या कोपऱ्यात म्हणालो तो?”

“पुढच्या, आजी!”

त्या पुढच्या कोपऱ्यात गेल्या. रमाकांतने बोट पुन्हा फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ते फिरलं.

“चला,” तो हळूच म्हणाला.

मेघना स्टिअरिंगमागे बसली.  तिने तळवे कुडत्याला पुसले. इंजिन सुरू झालं. वडील म्हणायचे तसं, गाडीला आपण ढकलत नाही, सोडतो, असं मनात म्हणत तिने क्लच सोडायला सुरुवात केली. समोर शंतनु उलटा चालत होता, दोन्ही हातांनी तिला बोलावत, डोळे मात्र वर गर्डरवर. मागे गप्पा थांबल्या. एवढी माणसं एका खोलीत आणि कोणी खोकतसुद्धा नव्हतं. पसरलेल्या टायरांखाली बारीक खडी चुरडत होती, तेवढाच आवाज.

पुढची कड गेली. सोलरचे पत्रे गेले. मधली खिडकी गेली. एका ठिकाणी काहीतरी खरडलं. मेघनाचा पाय ब्रेकवर जाणार होता, पण शंतनुचे हात थांबले नाहीत, म्हणून तीही थांबली नाही. मग एकाएकी आरशात खोलीच्या मागच्या कडेपर्यंत ऊन दिसलं, आणि खोलीतून एकदम आरडाओरडा उठला. कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी पत्र्यावर तळवे बडवले, मंडळाच्या पोरांनी मोरया केला. आतमध्ये जयवंतकाका सर्वांत मोठ्याने ओरडत होते, “निघाली! आपली गाडी निघाली!”

शंतनु धावत आला आणि खिडकीत हात घालून त्याने तिचं डोकं धरलं.   तिने गाडी न्यूट्रलला टाकली आणि हँडब्रेक ओढला.

लोक एकेक करून उतरले. प्रत्येकजण उतरताना गाडीच्या अंगावर थाप मारून जात होता, आणि दर माणसागणिक गाडी थोडी थोडी वर येत होती. समोरच्या टपरीवरून चहा आला. जयवंतकाका प्राचीच्या नणंदेला सांगत होते की कोकणात उतरताना कोणता घाट घ्यावा आणि कुठे थांबावं. जणू बेत त्यांचाच होता. रमाकांत पंप लावून चाकांत हवा भरू लागला.

“आई कुठे आहे?” शंतनुने विचारलं. “टॅक्सीवाला खोळंबलाय.”

मेघना मागच्या पायरीवरून आत गेली. खोली रिकामी झाली होती. गालिच्यावर चपलांची माती होती. सुंदराबाई स्वयंपाकाच्या ओट्यापुढे उभ्या होत्या. उजवा हात ओट्यावर, कोपर बाहेर काढलेलं. तळवा पुढे-मागे, पुढे-मागे. खांदा वर जात होता. त्यांनी टाचा उचलून बघितलं. परत टेकवल्या.

पावलं ऐकूनही त्या वळल्या नाहीत.

“ह्यो ओटो कोणी केल्यान?”

“मी केला, आई.”

“उंच झालो.” त्यांनी ओट्याच्या कडेवरून बोट फिरवलं. “तुझ्या मापान केलंस. हयसर मी भाकरी कशी थापतलंय? खांदे भरान येतले.”

बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. मग पुन्हा एकदा वाजवला.

मेघनाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “शंतनु,” ती म्हणाली, “टॅक्सीतली पिशवी काढून घे.”

मग तिने कुडत्याच्या खिशातून मेजरिंग टेप काढली, सासूबाईंच्या कोपराजवळ गुडघे टेकून बसली आणि विचारलं,

“आई, हात सैल सोडा जरा. किती खाली घेऊ?”