तोंड गोड करा

मरियाच्या डब्याचा वस्तीवर भारी दरारा होता. मूळचा तो नाताळच्या करंज्यांचा पत्र्याचा डबा. पण वस्तीच्या आरोग्य उपकेंद्राला कुलूप लागलं, सुमैरा सिस्टरची बदली झाली आणि वर्ष उलटलं तरी तिच्या जागी कुणी येईना, तेव्हा मरियानं करंज्यांना रजा दिली आणि डब्यात कापूस, पट्ट्या, भाजल्यावरचं मलम, तापाच्या गोळ्या असा संसार थाटला. मिरजगावच्या दवाखान्याचा रस्ता असा, की धडधाकट माणूससुद्धा पोचेपर्यंत आजारी पडावा. त्यामुळे कुणाचं बोट कापलं, कुणाचं पोर भाजलं की लोक आधी मरियाबाईंच्या दारात.

पण खरं सांगायचं तर डबा होता यशयासाठी. तिच्या नवऱ्याला शुगर होती. रोज सकाळी पोटात इन्सुलिनची सुई, आणि त्यात हा बाबा एक नंबरचा गोडघाशा! देवानं या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला का द्याव्यात, हे मरियाला इतक्या वर्षांच्या प्रार्थनेत उमगलं नव्हतं.

सिस्टर गेली त्या दिवशी सामानाचा टेम्पो दारात उभा होता. तिनं घाईघाईत बजावलं, "घाम फुटला, हात थरथरायला लागले की समजायचं, शुगर कमी झाली. मग वाट बघायची नाही. आधी त्यांचं तोंड गोड करायचं."

मरिया खळखळून हसली. "शुगर कमी हुऊ तर द्या सिस्टर! सगळ्या वस्तीला पेढे वाटते. तुमाला बी धाडते."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दाबून धरला होता. सिस्टरला धड ऐकू गेलं नसावं. तीही हसली, हात हलवला आणि गेली.

पोरगं पास झालं, तोंड गोड करा. नोकरी लागली, तोंड गोड करा. दुखणं कमी झालं तरी तेच, असा मरियाचा सरळ हिशेब. पण उतरलेलं दुखणं पेढे चारून परत चढवण्याइतकी ती खुळी नव्हती. तिनं घरातली साखर, गूळ, सगळं हद्दपार केलं. नाताळच्या करंज्या केल्या त्या गरमागरम शेजाऱ्यांना वाटून मोकळी झाली. यशया ताटाकडे बघत राहिला.

तरी खुंटीवरच्या त्याच्या चर्चच्या कोटाकडे मुंग्यांची रांग लागायची. "ह्या मेल्यांना बी उपासनेला जायचंय वाटतं," असं म्हणत मरिया रांगेवर हळद टाकायची.

"भिंतीत वारूळ असंल," यशया तोंड गंभीर करून म्हणायचा.

जानेवारीतली गोष्ट. वस्तीवरचे झाडून सगळे लग्नाला गेले होते. यशयानं सकाळी सुई घेतली आणि भाकरी तशीच टाकून फुटलेला पाइप बघायला रानात गेला. दुपारी परतला तो भर थंडीत घामानं निथळत.

"अवो, इतका उशीर?"

"कोण तू?" तो म्हणाला.

तो ओसरीवर बसला, तिचा हात झिडकारू लागला, जीभ जड झाली. शुगर वाढली! खाल्लं असणार कुठंतरी चोरून! तिनं अँब्युलन्सला फोन लावला. गाडी लांबच्या पेशंटला घेऊन गेली होती, वेळ लागणार होता. पण ती डगमगली नाही. याच दिवसासाठी तर तिनं सगळी तयारी केली होती. तिनं सुई भरली आणि त्याचा सदरा वर केला. पोट गार, ओलं. त्यानं हलू नये म्हणून तिनं त्याचा हात धरला, तर तो हात तिच्या मुठीत थरथरत होता.

घाम. थरथर.

समजायचं, शुगर कमी झाली.

सिस्टरनं आनंदाची बातमी सांगितलीच नव्हती. तोंड गोड करा, हे औषध होतं! आणि आपण आपल्याच हातानं याला मारायला निघालो होतो. मरियानं सुई अंगणात भिरकावली.

ती स्वयंपाकघरात धावली. साखरेचा डबा तिनंच घासून पालथा घातलेला. शेजारी सगळी कुलपं. "परमेश्वरा, एक चिमूट," ती रडत म्हणाली आणि भिंतीला टेकली. भिंतीवर मुंग्या होत्या.

तिनं कोटाच्या खिशात हात घातला. रुमालात बांधलेला, चांगला लिंबाएवढा गुळाचा खडा! तिनं त्यातला अर्धा पाण्यात कुस्करला. यशयाला अजून गिळता येत होतं. ती घोट घोट पाजत राहिली, त्याचं नाव घेत राहिली. हळूहळू त्याची नजर ठिकाणावर आली. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मांडीवरच्या रुमालाकडे.

"घावला व्हय तुला?" तो ओशाळून म्हणाला. "आईशप्पत मरिया, आज हात बी लावला न्हाई त्याला."

तिला त्याला खूप बोलायचं होतं. त्याऐवजी ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडली. मग तिनं भाकरी-कालवण आणून त्याला समोर बसवून खाऊ घातलं. उरलेल्या गुळावरच्या मुंग्या फुंकून उडवल्या, धुतलेल्या रुमालात तो बांधला आणि परत कोटाच्या खिशात ठेवला.

"उद्यापासून रानात बी कोट घालूनच जायचं," ती म्हणाली.