तात्यांच्या मिशीला मेतकूट

"रोज काय हो नखरे तुमचे, तात्या? पाऊस नको, ओलं गवत नको. माझी कंबर धरलीय, तरी निघालोय ना मी? चला. आणि घरी एक अक्षर बोलायचं नाही, काय?"

दाराबाहेर बुटाच्या नाड्या बांधत निशिकांत पुटपुटत होता. दाराच्या आत, हातभर अंतरावर, मधुमती चहाचं गाळणं धरून उभी होती. गाळण्यातला गरम थेंब पायावर पडला, तरी ती हलली नाही.

तात्या म्हणजे त्यांचा कुत्रा. सिंगापुरातल्याच कुठल्याशा बांधकामावर जन्मलेला, तपकिरी, बिनजातीचा. पण पिल्लू असल्यापासून पांढऱ्या मिशा अशा झुपकेदार की त्याला अरेतुरे करायची कुणाची छाती झाली नाही. आता तात्या म्हातारे झाले होते. जिना चढताना थांबत, धापा टाकत. यांना विमान सोसणार नाही, असं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या महिन्यात सांगितलं, तेव्हा घरात कुणी काही बोललं नव्हतं. निशिकांतच्या कंपनीनं त्याची टीम गुंडाळली, तेव्हाही असंच. नोकरीवर मिळालेला राहण्याचा पास जानेवारीपर्यंत होता. पुढे काय, असं मधुमतीनं विचारलं की तो म्हणे, "बघू." लेक ऋग्वेदा कॉलेजातून येऊन विचारी, तर मधुमतीच म्हणे, "बघू गं." त्या एका शब्दावर घर चाललं होतं.

आणि अशात हा माणूस सकाळी उठून कुत्रा फिरवायला लागला! आजवर पांघरूण डोक्यावर ओढून "तूच ने ना" म्हणणारा. तेही असल्या हवेत. आठवडाभर पाऊस लागून राहिला होता, पारा बावीसवर उतरला होता आणि त्यांचा अख्खा बुकित तिमाह भाग जाकिटं घालून कुडकुडत होता. ही दोघं पुण्याची, त्यामुळे आधी लोकांना हसली आणि मग गुपचूप बॅगेच्या तळातून स्वेटर काढून बसली.

एवढ्यावर तिला संशय आला नसता. संशय आला तो तात्यांच्या मिशीमुळे. परवा तिनं त्यांचं तोंड पुसायला घेतलं, तर मिशीत पिवळट भुकटी आणि भाताचं शीत. तिनं बोट नाकाशी नेलं. मेतकूट!

मेतकूट काही इथल्या हॉकर सेंटरच्या खाऊगाड्यांवर मिळत नाही. म्हणजे जवळपास कुठल्या तरी मराठी घरात सकाळी मऊ भात शिजत होता आणि कुणीतरी तो हातानं भरवत होतं. तात्या, जे मधुमतीच्या हाताखेरीज कुणाच्या हातचं खात नाहीत, तेसुद्धा फितूर! एखादी परकी बाई असती तर तिनं दोन हात केले असते. पण मेतकूट करणारी बाई म्हणजे मुरलेली बाई. महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्याजणी तिनं एकेक करून डोळ्यांसमोर आणल्या. मैत्रेयी? छे, तिला डाळ भाजायचा धीर नाही. चैत्राली? ती भातच खात नाही.

"आई, इतकी केपो नको ना होऊस, ला," ऋग्वेदा आपल्या सिंगापुरी मराठीत म्हणाली. "बाबांना विचार सरळ."

"मी कशाला नाक खुपसू? मला काय पडलंय!" असं म्हणून मधुमतीनं छत्री उचलली.

निशिकांतच्या मागोमाग ती टेकाडावर पोचली, तिथे साहेबाच्या काळातला एक मोठा बंगला होता. पांढऱ्या भिंती, काळ्या तुळया, खोल व्हरांडे. आत वर्षानुवर्षं कुणी राहत नव्हतं, पण भोवतीच्या बागेत फिरायला मनाई नव्हती. आज हिरवळीवर धुकं असं पसरलं होतं की क्षणभर तिला वाटलं, हिवच पडलंय. दोन माणसांच्या कवेत न मावणाऱ्या एका झाडाआड ती उभी राहिली. या वयात, ओल्या चपलांनी, नवऱ्यावर पाळत! स्वतःचीच लाज वाटली. पण पाय मागे फिरेनात.

बंगल्याच्या पायरीवर निशिकांत होता. आणि त्याच्याशेजारी एक मुलगी, रेनकोटातली. अनुया! विद्यापीठात संशोधन करणारी, मागच्याच गल्लीत एका चिनी आजीबाईंच्या घरी खोली घेऊन राहणारी, दिवाळीला फराळाला येऊन तात्यांशी तासभर बोलत बसलेली अनुया. निशिकांतनं स्वेटरखालून डबा काढला. झाकणाला पोचा. पंधरा दिवस मधुमती घरभर शोधत होती तो डबा.

"खा हो तात्या," अनुया हात पुढे करून म्हणत होती. "खा ना."

तात्यांनी मान फिरवली, नाक वर केलं आणि थेट झाडाकडे बघून शेपटी हलवली.

आता लपण्यात अर्थ नव्हता. मधुमती पुढे आली. निशिकांत उठला. तिनं डब्याला नाक लावलं. सुंठ जरा जास्त. मेतकूट तिच्याच हातचं. घरातलीच बरणी रिकामी होत होती आणि ती जगभरच्या बायकांवर संशय घेत होती.

"काकू, रागावू नका," अनुया घाबरून म्हणाली. "काका म्हणाले, तात्यांना माझ्या हातची सवय व्हायला हवी. रोज भात मिशीला लागतो, पण तोंड काही उघडत नाहीत. आमच्या आजीबाईंनाही विचारलंय, त्या हो म्हणाल्यात. थोडे दिवस सांभाळायचंय, म्हणाले."

"थोडे दिवस?" मधुमतीनं नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे किती रे, निशी?"

त्याचे डोळे भरले होते. "बघू," तो म्हणाला.

मग मधुमती पायरीवर बसली. तिनं अनुयाचा हात आपल्या हातात घेतला, बोटं दुमडून ओंजळ खोल केली, भात पुन्हा नीट मध्ये सारला.

"असा धर. आणि 'खा' नाही म्हणायचं, त्यांना अपमान वाटतो. 'जेवा' म्हणायचं."

"जेवा, तात्या."

तात्यांनी आधी मधुमतीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मग ते वाकले आणि अनुयाच्या हातातून जेवू लागले, मिशीला पिवळं माखून घेत.

"थोडे दिवस नाही, बाळा," मधुमती म्हणाली. "आम्ही परत चाललोय. कायमचे. आणि तात्यांना इथेच ठेवून चाललोय."