हरवलेल्या जाळ्याचं प्रात्यक्षिक

आमच्या हेमचंद्र सरांना समुद्राची फार काळजी होती. ती त्यांना एका परदेशी मासिकातून लागली. तुटून समुद्रात गेलेली नायलॉनची जाळी कुजत नाहीत, वर्षानुवर्षं मासे आणि कासवं मारत राहतात, असं त्यात छापलं होतं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या लहानशा इलेक्ट्रॉनिक्स कारखान्याचे ते मालक आणि मी तिथली एकुलती एक इंजिनिअर. मासिक माझ्या टेबलावर टाकून सर म्हणाले, "मालिनी, हरवलेलं जाळं शोधणारं यंत्र कर. ह्याला फ्यूचर आहे."

मी केलं. जाळ्याला बांधायची एक बंद नळी, ती पाण्याखाली टिकटिक करत राहायची. होडीतून सोडायचा एक माईक आणि त्याला जोडलेला हेडफोन. जाळ्याच्या जवळ जावं तसा आवाज मोठा व्हायचा. वर्षभर खपले मी त्यावर. सरांनीही हातभार लावला, नळीचा रंग त्यांनी निवडला.

१९९२ च्या हिवाळ्यात प्रात्यक्षिक ठरलं. समुद्रावर नव्हे, बदलापूरला उल्हास नदीवर, कारण तिथे पाहुण्यांच्या गाड्या थेट काठापर्यंत जायच्या. नळी बांधलेलं एक नवं जाळं मुद्दाम नदीत सोडायचं आणि पाहुण्यांसमोर शोधून काढायचं, असा बेत होता. त्यासाठी नदीत मासे धरणाऱ्या जनूची होडी घेतली. आदल्या दिवशी जनूच मला म्हणाला, "बाय, तुझ्या सायबानं जाल्याला दोरी बांधाया सांगितलीय. पान्याखालून. टोक माझ्या हातात."

मी तशीच सरांकडे गेले. "सर, दोरी कशाला? यंत्र शोधेल ना."

"पाहुण्यांसमोर रिस्क घ्यायची नसते," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काठावर मांडव, हार, पेढे, फोटोग्राफर. होडीत टाय लावलेले सर, वल्ह्यावर जनू आणि यंत्र घेऊन मी. सरांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि ओरडले, "आला! आला आवाज!" काठावर टाळ्या पडल्या. मी अजून माईकचं बटणही दाबलं नव्हतं. दाबल्यावर खरी टिकटिक सुरू झाली, तेव्हा मात्र सर दचकले आणि हेडफोन काढून बसले.

जनूनं दोरी ओढली. जाळं कुठंतरी अडकलं होतं, दोरी तुटली. "दुसरं काढ, दुसरं!" सर दात आवळून पुटपुटले. जनूनं होडीतलं स्वतःचं जुनं जाळं पलीकडच्या बाजूनं बुडवलं आणि निथळतं वर काढलं. फोटो निघाला. आता एकही जाळं हरवणार नाही, असं सरांनी भाषणात सांगितलं.

मी त्यांना बाजूला गाठलं. "सर, आपलं जाळं खालीच आहे. नळी चालू आहे, लगेच सापडेल."

"जेवण थंड होतंय."

"नवं नायलॉन आहे, सर. त्यात मासे अडकून मरतील."

"अगं, एक जाळं! नदी केवढी मोठी आहे," असं म्हणून ते पानावर जाऊन बसले.

रविवारी पेपरात फोटो आला. त्याच सकाळी मी जनूला घेऊन नदीत उतरले. आधीच्या जागी काहीच ऐकू येईना. अडकलेलं जाळं सुटून प्रवाहाबरोबर पुढे वाहत गेलं होतं. थोडं पुढे जायचं, वल्ही थांबवायची, माईक सोडायचा, ऐकायचं. नळीचा सेल संपला असेल, या भीतीनं मी हेडफोन कानांवर दाबून धरत होते. वळणापलीकडे कुठंतरी अगदी बारीक टिकटिक आली. "थांब, जनू!" आवाज वाढत कानाला टोचायला लागला, तशी जनूनं गळ टाकला.

जाळं वर आलं ते फुगलेल्या, मेलेल्या माशांनी भरून. मध्ये एक कासव, जिवंत, दोरा मानेत रुतलेला. जनूनं ते धरलं, मी ब्लेडनं दोरे कापले. कासव जनूच्या अंगठ्याला चावलं. त्यानं कासवाला आणि सरांना एकाच शिवीत घेतलं. कासव पाण्यात गेलं आणि मी हसता हसता रडले. माझं यंत्र चाललं होतं, आणि त्यानं शोधून काढलं होतं ते आम्हीच केलेलं पाप.

सोमवारी ते जाळं पोत्यातून सरांच्या केबिनमध्ये नेलं आणि टेबलावर ओतलं. सरांनी नाकाला रुमाल लावला. "हे काय?"

"आपलं जाळं. यंत्रानं शोधलं."

सर जाळ्याकडे बघत राहिले. मग रुमाल खाली आला आणि चेहऱ्यावर खराखुरा आनंद पसरला. "म्हणजे ते खरंच चालतं?"

मला राग नाही, किळस आली. आपण विकायला काढलेली वस्तू चालते, हे या माणसाला कधी खरंच वाटलं नव्हतं. मी त्याच दिवशी नोकरी सोडली. सर पुढे घरात चोर शिरला की वाजणाऱ्या चोरघंटा बनवायला लागले. त्या वाजतात की नाही, हे ते गिऱ्हाइकांनाच विचारत असतील.

जनूचा मेव्हणा वसईकडच्या एका मच्छीमार सोसायटीत होता. पुढच्या वर्षी तिथल्या लोकांसाठी मी नवी नळी बनवली, आधीच्यापेक्षा जाड, खाऱ्या पाण्यात टिकणारी. त्यांचं हरवलेलं जाळं शोधायला समुद्रात गेलो, त्या पहिल्याच दिवशी बोट लागून मी दोनदा ओकले. तिसऱ्यांदा ओकायला वाकणार, तेवढ्यात हेडफोनमध्ये टिकटिक सुरू झाली.