सावी, लाकूड पाठव

अण्णाच्या डाव्या हातावर, मनगटापासून चार बोटं वर, एक शीर करंगळीएवढी फुगली आहे. डायलिसिससाठी ऑपरेशन करून ती धमनीला जोडली आहे. तिच्यावर बोट टेकवलं की आत सलग थरथर लागते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला ती किंचित वाढते आणि उतरते. थरथर लागली म्हणजे शीर चालू आहे. सुया टोचण्याआधी नर्स ती तपासते आणि तिच्यानंतर मी तपासते. माझ्या तपासण्यानं काही फरक पडत नाही, तरी गेल्या वर्षभरात एकही शनिवार मी चुकवलेला नाही.

मंगळवार आणि गुरुवार भारतीवहिनीचे, शनिवार माझा. मी धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीत एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे, शनिवारी सुट्टी असते. सकाळी सहाला धारवाडहून निघायचं, सातच्या आत हुबळीच्या सेंटरला पोचायचं, आणि मग चार तास अण्णाच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं. अण्णा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ श्रीवत्स. वय पंचेचाळीस, धंदा वकिली. बोलल्याशिवाय त्याला चार मिनिटं निघत नाहीत, तिथे चार तास. म्हणून ऑक्टोबरमध्ये त्यानं दोन लॅपटॉप आणि एक वायर आणली.

"ओळख बघू," तो म्हणाला.

पडद्यावर हिरवं मैदान, कडेला जंगल, मधे एक लहानसं घर आणि त्याच्याभोवती तीन माणसं. बावीस वर्षांनी बघत होते तरी ओळखलं. खेळाचं खरं नाव इंग्रजी होतं, आम्ही त्याला 'राज्य' म्हणायचो. लाकूड तोडायचं, शेत पेरायचं, घरं बांधायची, सैन्य उभं करायचं. आम्ही दोघं एका बाजूला, कॉम्प्युटरची दोन राज्यं दुसऱ्या बाजूला. मी सतरा वर्षांची होते तेव्हा धारवाडच्या मळमड्डीतल्या एका सायबर कॅफेत शेजारीशेजारी बसून आम्ही ते दोन वर्षं खेळलो. सर्वांत कठीण पातळीवर एकदाही जिंकलो नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मला खेळता येत नव्हतं.

पहिल्या शनिवारी आम्ही चोविसाव्या मिनिटाला हरलो.

"तू अजून तशीच खेळतेस," अण्णा म्हणाला.

"तशी म्हणजे?"

"भिऊन. आधी भिंत. मग भिंतीला भिंत."

पलीकडच्या पलंगावरून भीमरावांनी मान वळवली. ते अळणावरचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. चार वर्षं ते या खोलीत येत आहेत. "कोण मेलं म्हणायचं, वकीलसाहेब?"

"आम्ही दोघंही. बहिणीनं बुडवलं."

"बहिणीला कशाला बोलता? ती बिचारी उठून येते तरी. माझा लेक फोनवरनं विचारतो, अप्पा, आज कसं वाटतंय. मी म्हणतो, ये आणि बघ की."

खेळताना अण्णाचा डावा हात उशीवर स्थिर ठेवलेला असे. त्यात दोन सुया, त्यांना जोडलेल्या दोन नळ्या. उजव्या हातात माउस. पूर्वी तो डाव्या हातानं कळा दाबून माणसं पळवायचा, ते आता जमत नव्हतं. त्यामुळे त्याला सगळं उशिरा सुचे आणि लाकूड कमी पडे. बाजार बांधला की एका कळीनं शंभर लाकूड भिडूकडे जातं. दर तीन-चार मिनिटांनी तो पडद्यावरची नजर न काढता म्हणे, "सावी, लाकूड पाठव." माझं बोट कळीवर आधीच गेलेलं असे.

त्याच महिन्यात भीमरावांनी त्याला विचारलं होतं, "यादीत नाव घातलंत का? मी चार वर्षं लायनीत आहे. लवकर घाला. मेलेल्या माणसाची किडनी नंबरानं मिळते, ओळखीनं नाही."

"मला कशाला यादी?" अण्णानं उजव्या हाताचा अंगठा माझ्याकडे केला. "माझी यादी ही इथे बसली आहे."

भीमराव हसले. मीही हसले असेन.

माझ्या सगळ्या तपासण्या ऑगस्टमध्ये झाल्या होत्या. वहिनीला मधुमेह आहे, आई बहात्तर वर्षांची आहे, उरले मी. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. डॉ. पद्मनाभ यांनी मला एकटीला बसवून सगळं समजावलं, धोक्याचे आकडे सांगितले. आकडे लहान होते. मी ते घरी येऊन पुन्हा वाचले, आणखी चार ठिकाणी ताडून पाहिले. ते खरे होते. शेवटी डॉक्टर म्हणाले होते, "द्यायची नसेल तर मला सांगा. मी घरच्यांना 'जुळत नाही' एवढंच सांगेन. कारण कधीच बाहेर येणार नाही."

मी म्हटलं, "विचार करून सांगते."

त्यानंतर मी एक तपासणी पुन्हा करून घेतली. मग दुसरी. आमच्या प्रयोगशाळेत भाताचं बी चौदा दिवस ओल्या कागदात ठेवतात. पाचव्या दिवशी पहिली मोजणी, चौदाव्या दिवशी शेवटची. त्याआधी कुठलंही बी मेलं असं लिहायचं नाही. मला या पद्धतीची सतरा वर्षांची सवय आहे. असे करत फेब्रुवारीपर्यंत सहा महिने जाणार होते, आणि मला उत्तर ऑगस्टमध्येच माहीत होतं. मला किडनी द्यायची नव्हती. त्याला कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. भीती म्हणावी तर आकडे लहान. भावाशी वैर म्हणावं तर तेही नाही. इच्छा नसल्याचा रिपोर्ट कुठल्याच लॅबमधून येत नाही.

घरात मात्र कुणी मला विचारलंच नव्हतं, त्यामुळे मी हो म्हटलंय असं सगळे धरून चालले होते. आईनं माझ्यासाठी पुढून उघडणारे दोन सुती गाऊन शिवून ठेवले. टाके दुखू नयेत म्हणून कमरेला नाडीही घातली नव्हती.

नोव्हेंबरमध्ये अण्णानं मला एक डिस्क दिली. "जुने डाव आहेत यात. मी प्रत्येक डाव साठवून ठेवायचो."

"कशाला?"

"पुरावा. तू हरवलंस हे कोर्टात सिद्ध करायला लागलं तर?"

सत्तावीस डाव होते. मी रविवारी दुपारी वही घेऊन बसले आणि वेग वाढवून एकेक पाहत गेले. प्रत्येक डावाच्या शेवटी एक तक्ता येतो. कुणी किती लाकूड तोडलं, किती धान्य पिकवलं, किती भिडूला पाठवलं. असला तक्ता आहे हे मी विसरले होते. त्या वयात बहुधा वाचलाच नसेल. लाकूड तोडण्यात सत्तावीसपैकी एकवीस डावांत मी अण्णाच्या पुढे होते. शंभर ओंडक्यांतले सरासरी एक्केचाळीस मी त्याला पाठवले होते. त्यानं मला काही पाठवल्याची नोंद दोन डावांत सापडली.

मला राग आला नाही. मला फक्त ते आकडे दुसऱ्यांदा मोजावेसे वाटले, आणि मोजले तर तेवढेच आले.

म्हणून पुढच्या शनिवारपासून मी लाकूड पाठवायचं थांबवलं. पण तसं त्याला सांगितलं नाही. तो म्हणे, "सावी, लाकूड पाठव," आणि मी म्हणे, "थांब, पाठवते." मग आपल्या घरांत गुंतल्यासारखं करी. असे चार शनिवार गेले. आम्ही पूर्वीपेक्षा वाईट हरलो. एकदा अठराव्या मिनिटालाच. माझं राज्य धडधाकट होतं, पण अण्णाच्या बाजूला अर्ध्या बांधलेल्या चौकीपाशी त्याची माणसं रिकामी उभी होती आणि शत्रू सरळ आत आला.

"तू पाठवते म्हणालीस म्हणून मी माणसं लाकडाला लावलीच नाहीत," अण्णा म्हणाला. आवाजात भांडण नव्हतं. त्या दिवशी अंगात पाणी साठून त्याचं वजन तीन किलो जास्त भरलं होतं आणि तो थकला होता. "नसेल द्यायचं तर सांगायचं, यव्वा. मी काय तुला खाणार आहे का?"

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं नाही. लिहायची गरज पडली नाही.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी डाव सुरू होऊन दोन मिनिटं झाली असतील, तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, आज माझ्याकडून लाकूड मिळणार नाही."

"का? संप आहे?"

"नाही मिळणार. पहिल्यापासून सांगते."

त्यानं मला, माझ्या सासरला आणि बियाणं कंपनीला मिळून एक शिवी घातली. मला सासर नाही, हे भीमरावांनी त्याच्या लक्षात आणून दिलं. मग त्यानं आपली आठ माणसं जंगलाकडे वळवली. त्या दिवशीही हरलो, पण एक्कावन्न मिनिटं टिकलो. इतके आधी कधीच टिकलो नव्हतो.

मी आठवड्यातून दोनदा, कामावरून आल्यावर, एकटीनंही खेळू लागले. तीच पातळी, तोच नकाशा. सुधारणा माझी आहे की योगायोग, हे मला वेगळं करून पाहायचं होतं. दहा डावांत माझे चुकीचे निर्णय कमी झाले नाहीत, पण ते लवकर होऊ लागले. चूक लवकर झाली तर ती सुधारायला वेळ उरतो. भिंती मी जवळजवळ सोडून दिल्या.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही जिंकलो.

शेवटी आम्ही दोन बाजूंनी चाल केली. मी उत्तरेकडून आत शिरले, तो पूर्वेकडून. दुसऱ्या राज्याचा किल्ला पडला तेव्हा तो "गेला! गेला!" असं ओरडला आणि दोन्ही हात वर करायला गेला. डावा हात चार इंच उचलला गेला असेल, तेवढ्यानं यंत्र बोंबलायला लागलं. नर्स धावत आली.

"वकीलरे, कै अलुगाडस्ब्याड्री!" हात हलवू नका म्हणून तिनं किती वेळा बजावलं होतं. तिनं नळी सरळ केली, आकडे पाहिले, यंत्र गप्प केलं. "हीग माडिद्र रक्ता बरतद." असं केलं तर रक्त येईल.

"येऊ दे ग. बावीस वर्षांनी जिंकलोय," अण्णा म्हणाला.

भीमरावांनी पलंगावरून हात जोडले. "आता पेढे कुणी द्यायचे? तुम्हाला पोटॅशियम, मला साखर. नर्सबाईंनाच घाला."

नर्स जाईपर्यंत अण्णा हसत होता. त्याच्या ओठांवर कोरड्या पापुद्र्यांची पांढरी रेघ होती आणि हसताना ती ताणली जात होती. मीही खूश होते. तक्ता उघडून मी पाहिलं. पाठवलेलं लाकूड, दोघांच्याही नावापुढे शून्य.

खेळात मी दिलं नाही आणि आम्ही दोघं जिंकलो. पलंगावर तसं होणार नव्हतं, हे मला त्या तक्त्याकडे बघतानाही कळत होतं. इथे मी दिलं नाही तर मी चांगली राहणार होते आणि अण्णा आठवड्याला तीनदा, बारा तास, या उशीवर हात ठेवणार होता. किती वर्षं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. भीमरावांची चार झाली होती.

"ऐक," अण्णा म्हणाला. त्यानं लॅपटॉप मिटला. "आता टोलवाटोलवी पुरे. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते. तेव्हाच उरकून टाकू. मी डॉक्टरांशी आजच बोलतो. तुझी रजा आत्ताच टाकून ठेव, बाई, तुमची कंपनी ऐनवेळी नाटकं करते."

मी डॉ. पद्मनाभ यांच्या वाक्याचा विचार केला. त्यांना फोन केला की ते 'जुळत नाही' म्हणतील. अण्णा वकील आहे, तो तेवढ्यावर थांबणार नाही. माझे रिपोर्ट घेऊन तो बेळगावला जाईल, मग बेंगळूरला, दुसरं मत, तिसरं मत. सगळीकडे मी त्याच्याबरोबर जाईन, दंडातून रक्त काढून देईन, आणि प्रत्येक ठिकाणी आणखी दोन महिने निघतील. आत्तापर्यंतचे सहा गेलेच होते. ऑगस्टमध्येच मी बोलले असते तर यादीत तो आज सहा महिने पुढे असता.

"अण्णा, मे महिना धरू नकोस."

"का? लॅबचं काय?"

"लॅबचं काही नाही."

"मग? आईचं? आईला भारती बघेल. पंधरा दिवसांचा तर प्रश्न."

"आईचंही नाही."

भीमरावांनी डोळे मिटून घेतले होते, पण ते झोपलेले नव्हते. अण्णानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर अजून थोडं हसू होतं आणि ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नसावं.

"रिपोर्टमध्ये काही निघालं का? माझ्यापासून लपवू नकोस, सावी."

"रिपोर्ट सगळे चांगले आहेत," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "सगळं जुळतंय. मी तुला किडनी देणार नाही, अण्णा. मला द्यायची नाही. सोमवारी यादीत नाव घाल."