पाण्याची गोळी

प्लंबर खुर्चीत आडवा झाला तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत, काका?"

"एक प्रेशरची. एक पाण्याची."

"रक्त पातळ व्हायची?"

"ती नाही."

तो खोटं बोलला नाही. हृदयाचं दुखणं झाल्यापासून त्याच्या गोळ्या बायको सांभाळायची. रक्त पातळ करणारी जी होती, तिलाच ती पाण्याची म्हणायची. "जन्मभर रक्ताचं पाणी केलंत, आता उरलेलं ही करील," असं म्हणत पहिल्या दिवशी तिनं ती त्याच्या तळहातावर ठेवली होती. घरात तेच नाव पडलं. बायको गेल्याला चार महिने झाले. तो रिकामं पाकीट दुकानात दाखवून तसलंच दुसरं आणायचा. डॉक्टर लोक पाण्याची गोळी म्हणतात ती वेगळीच, अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"मग आधी बाथरूमला जाऊन या. ती गोळी घेतलेली माणसं मध्येच उठतात."

"मला नाही जावं लागत."

बाईंचा हात क्षणभर थांबला. "आज घेतली ना?"

"घेतली की. एक दिवस चुकवत नाही."

बाईंनी मान हलवली आणि इंजेक्शन उचललं.

गाल बधिर झाला. बाई पकड दाढेवर घट्ट बसवून मागेपुढे हलवू लागल्या. गंजलेला नट असाच काढतात, आधी सैल करायचा, मग ओढायचा. हाताला सवय दिसते, त्याला वाटलं. करकर असा आवाज थेट डोक्यात गेला आणि दाढ निघाली.

"झालं! कापूस दाबून धरा. वीस मिनिटं बोलायचं नाही."

पाच मिनिटांत कापूस भिजला. सिस्टरनं बदलला. दुसराही भिजला. तिसरा बाहेर आला तो लालभडक, आणि रक्त हनुवटीवरून शर्टावर उतरलं.

"काका, अख्ख्या गावाच्या गळत्या बंद करता आणि स्वतःचीच चालू?" सिस्टर म्हणाली. कुणी हसलं नाही. बाई वाकून दिवा जवळ ओढत होत्या.

"हे असं व्हायला नको," त्या म्हणाल्या. मग थेट त्याच्या डोळ्यांत बघत, "काका, ती पाण्याची गोळी कशासाठी दिली होती?"

त्यानं तोंड उघडलं, तर रक्तच बाहेर आलं. सिस्टरनं कागद आणि पेन पुढे केलं. रक्ताचं पाणी व्हायला, असं त्यानं लिहिलं. खाली आणखी लिहिलं, ही म्हणायची.

बाईंनी वाचलं. चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "सिस्टर, टाके. आणि रक्त थांबवायचं औषध, लवकर." मग त्याच्याकडे वळून, "ही म्हणजे काकू ना? नंबर सांगा, पाकिटावरचं नाव विचारून घेते."

पेन तसंच राहिलं. चार महिन्यांत हे वाक्य त्यानं कुणापुढे उच्चारलं नव्हतं. शेजारीपाजारी आधीच जाणून होते, त्यामुळे वेळच आली नव्हती. त्यानं लिहिलं, ती नाही आता.

बाईंनी दोन टाके घातले, औषधात बुडवलेला कापूस खड्ड्यात बसवला आणि स्वतःच्या बोटानं दाबून धरला. एकदा सिस्टर म्हणाली, "मॅडम, मी धरते." बाईंनी नकारार्थी मान हलवली. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. त्याला वाटलं, आता बोट काढतील आणि परत भळभळा वाहील. त्यानं खुर्चीचे हात घट्ट पकडले.

अर्ध्या तासानं बाईंनी कापूस उचलला. गुलाबी होता. त्यांनी वाट पाहिली. पुन्हा पाहिलं.

"थांबलं." त्यांनी कपाळ कोपरानं पुसलं. "पण परत सुरू होऊ शकतं. गोळीचं मी तुमच्या डॉक्टरांना विचारते, तुम्ही मनानं बंद करू नका. घरी लक्ष ठेवायला कोण आहे?"

"कुणी नाही," तो म्हणाला. जीभ जड होती, तरी शब्द स्पष्ट आला.

"मग दवाखाना बंद होईपर्यंत बाहेर बसा. दाराजवळच्या खुर्चीवर, मला इथून दिसाल असे."

तो बाहेर जाऊन बसला. दार त्यांनी उघडंच ठेवलं. पुढचा पेशंट आत गेला आणि बाईंनी त्याला विचारलं, "गोळ्या कुठल्या? नाव नको, पाकीट दाखवा."