हात न टेकता

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि स्वभावाने फार भित्री आहे. चपला-बुटांच्या एका छोट्या दुकानात, काउंटरच्या उजव्या बाजूला मी उभी असते. मला चार पाय आहेत, पाठ आहे, पण हात नाहीत. जागा कमी म्हणून सुताराने मला बिनहातांची केली. पुढे याचं मला फार वाईट वाटलं, कारण माणूस डोळ्यांदेखत पडत होता आणि मी त्याला धरू शकले नाही.

शेवटचा रंधा फिरवताना सुतार म्हणाला होता, "ही बसायला केलीय हं. हिच्यावर चढायचं नाही." दुकानाचे मालक, म्हणजे आमचे काका, तेव्हा ऐन पंचविशीत होते. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यावर चढले! दुकानात खोकी छतापर्यंत रचलेली. गिऱ्हाइकाने नंबर सांगायचा अवकाश, काका टुणकन माझ्यावर, खोकं हातात, टुणकन खाली. "काय मजबूत खुर्ची आहे!" असं लोक म्हणत आणि मी फुशारून जात असे.

मी माणसं तळपायांवरून ओळखते. चाळीस वर्षं काकांनी गावभरच्या पायांची विचारपूस केली. अंगठा दाबतोय का, टाच सुटतेय का. स्वतःच्या पायांना मात्र त्यांनी कधी काही विचारलं नाही. दिवसभर काउंटरमागे बसायचे, घरी गेले की पुन्हा बसायचे. हळूहळू त्यांचं पाऊल माझ्यावर पडलं की थरथरू लागलं. मग ते माझी पाठ धरून, "आई गं" म्हणत चढू लागले. मी भीतीने करकरायचे. काका म्हणायचे, "म्हातारी झालीस गं, कुरकुर वाढली तुझी." मला ओरडून सांगावंसं वाटायचं की काका, ही थरथर माझी नाही!

एका दुपारी एका शिक्षिकाबाईंना सहा नंबरचे तपकिरी बूट हवे होते. खोकं अगदी वरच्या रांगेत. काका चढले, त्यांनी टाचा उचलल्या आणि त्यांचा उजवा गुडघा एकाएकी वाकला. सगळं वजन माझ्या एका कडेवर आलं. मी कलंडले, काका फरशीवर आदळले आणि वरून खोक्यांचा ढीग कोसळला. त्यांचं मनगट मोडलं होतं.

"या खुर्चीनेच पाडलं बाबांना!" त्यांची लेक रडत म्हणाली. लहान मूल पडलं की मोठी माणसं जमिनीला चापट मारतात ना, तसं झालं. मला मागच्या अडगळीत टाकलं आणि तोडायला त्याच सुताराला बोलावलं. करवत पिशवीतून बाहेर आली तेव्हा माझी पाचावर धारण बसली. पण म्हाताऱ्या सुताराने आधी मला सपाट फरशीवर ठेवलं आणि चारही कोपरे दाबून पाहिले.

"ताई, खुर्ची ठाम आहे," तो म्हणाला. "डुगडुगतायत ते काकांचे पाय. आणि चढू नका, हे मी तेव्हाच बजावलं होतं."

मी वाचले आणि दुकानात परत आले, पण आता काका घाबरले होते. प्लास्टर निघालं तरी पडू म्हणून ते हिंडेनात, आणि बसून बसून पायांतला उरलासुरला जोरही जाऊ लागला. लेक म्हणाली, "बाबा, तीन महिने बघू. नाहीतर दुकान बंद करू." दुकान हा त्यांचा जीव की प्राण होता. दुकान गेलं तर हे नुसते बसून संपतील, या विचाराने मला धडकी भरली.

डॉक्टरांनी एका फिजिओथेरपिस्ट बाईंना पाठवलं. त्यांनी माझी पाठ भिंतीला टेकवली आणि काकांना माझ्यावर बसवलं.

"आता हात न टेकता उठा."

"बाई, मी आयुष्यात कधी हात टेकले नाहीत," काका हसत म्हणाले. ते अर्धे उठले आणि धपकन परत बसले. त्यांचं हसू मावळलं. दुसऱ्या खेपेला तेच झालं. तिसऱ्या खेपेला त्यांचे दोन्ही हात आपोआप माझ्या कडेवर आले.

"बघा, टेकलेत," बाई हळूच म्हणाल्या. "काका, तोल काही नुसता डोक्यात नसतो. मांड्या-पोटऱ्यांत जोर असेल, तर पाय घसरला तरी दुसरा पाय वेळेवर पुढे पडतो. नसला, तर माणूस पडतो."

एक दिवसाआड सराव सुरू झाला. माझ्यावरून उठायचं, बसायचं. माझी पाठ धरून टाचा उचलायच्या. मग एका पायावर उभं राहायचं. दर वेळी माझा जीव टांगणीला लागे. एकदा काकांनी चोरून कोपर टेकलं. "बाबा, दिसलं हं!" लेक काउंटरवरून ओरडली. दोन महिन्यांनी ते दोन्ही हातांत बुटांची खोकी घेऊन दहा वेळा उठू लागले. तोवर लेकीने नेहमीचे नंबर खालच्या फळ्यांवर आणले होते.

मग तो दिवस आला. बुटांभोवती गुंडाळलेला पातळ कागद फरशीवर पडला होता. काकांचा पाय नेमका त्याच्यावर पडला आणि सर्रकन पुढे गेला. लेक किंचाळली. मी भीतीने गारठले. काकांचा हात माझ्या पाठीकडे झेपावला, पण त्याआधीच त्यांचा दुसरा पाय पुढे पडला, गुडघा वाकला आणि काका उभे राहिले. हात हवेतच राहिला.

काका त्या हाताकडे बघत म्हणाले, "टेकला नाही." आणि त्यांचे डोळे भरून आले. दुकान बंद करायचा विषय लेकीने पुन्हा काढला नाही.

धास्तावलेली लेक मात्र माझ्यावर येऊन बसली. वय अवघं छत्तीस. थोड्या वेळाने गिऱ्हाईक आलं, तशी ती उठली. मित्रांनो, उठताना तिने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. तिला ते कळलंही नाही. मला मात्र पुन्हा तीच जुनी भीती वाटली.

म्हणून माझं एक ऐका. खुर्चीवर चढू नका, आणि पायांना विसरू नका. मला हात नाहीत, मी कुणालाच धरू शकत नाही. तुम्ही आत्ता बसूनच वाचताय ना? मग एकदा हात न टेकता उठून बघा.