लोळणबाईची शेजारची शीट

केरबाला एका गोष्टीची भारी घमेंड होती. मेंढा निवडावा तर त्यानंच. बाप बाजारात उभा राहून नुसत्या पायांवरून जनावर सांगायचा, अन् ती नजर आपल्यात उतरलीय असं केरबा चारचौघांत छाती काढून सांगायचा. पुढं बाप गेला, कळप मूठभर उरला अन् केरबा वाळूजच्या कारखान्यात मशीनवर लागला. मेंढरं बायकोनं सांभाळायची, ह्यानं गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसनं जायचं. पण नजर काही गेली नाही. ती गेली असती तर चार हाडं तरी शाबूत राहिली असती, असं तो नंतर स्वतःच म्हणायचा.

त्याची वाडी खुलताबादच्या पुढं डोंगरात. सडकेपासून वाडीपर्यंत गाडी जाईल अशी एकच वाट, अन् त्या वाटेत एक जागा होती, तिला सगळे ‘कलती’ म्हणायचे. तिथं वाट डोंगराच्या अंगावरून तिरपी जायची, एका हाताला चढ अन् दुसऱ्या हाताला चिखलाचा ओघळ. बैलगाडीसुद्धा तिथं एका चाकावर रुसल्यासारखी चालायची. दाणागोटा, रॉकेल, लोकरीची गाठोडी, सगळं बायकांच्या डोक्यावरून यायचं. केरबाची बायको बानाबाई आठवड्याला ती वाट तुडवायची, तेही कधी कुरकुर न करता, अन् तेच केरबाला टोचायचं.

‘खंडोबानं बाणाईसाठी तिच्या दारात मेंढरं राखली,’ तो मनाशी म्हणाला. ‘आपल्याला आपल्या बानाबाईसाठी एक जीप घेता येऊ नाय?’

देव देवाच्या जागी अन् आपण आपल्या, एवढं साधं त्याच्या डोक्यात आलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण त्यानं घेतली जीप. कुठल्यातरी सरकारी खात्यानं टाकून दिलेली, टायरं पार गुळगुळीत झालेली. पुढं दोनच शीटा होत्या, एक चालवणाऱ्याची अन् एक शेजारची. त्या शेजारच्या शीटवर त्यानं स्वतः घोंगडी अंथरली. वाडीत आजवर कुणाची बायको नवऱ्याच्या शेजारी बसून गावात आली नव्हती. पुढं नवरा अन् मागं दहा पावलांवर बायको, हीच तिथली रीत. आपल्या बायकोनं मात्र शेजारी बसून, पदर सावरत, ऐटीत यावं, ह्या एका गोष्टीसाठी केरबाचा जीव झुरत होता.

टायरांसाठी तो पुंडलिककडं गेला. पुंडलिक शाळेतला दोस्त, वाळूजच्या रस्त्यावर त्याचं टायरचं दुकान होतं. दुकानामागं जुन्या टायरांचा ढीग लागलेला. केरबा त्या ढिगाभोवती बाजारात फिरावं तसा फिरला. एकाला लाथ मारून बघितली, एकाला दाबून बघितलं, एकाच्या तर नक्षीत बोट घालून दात मोजावेत तसं केलं. शेवटी उंच अन् अरुंद अशी चार टायरं त्यानं बाजूला काढली.

“जनावराची किंमत पायात असती, पुंडल्या,” तो म्हणाला. “उंच पाय अन् बारीक खूर. दगडातनं चालावं तर असल्यानंच.”

“अरं, ही जीप हाय. मेंढा नाय.”

“तू टायर चढव. पारख माझ्यावर सोड.”

पुंडलिकनं खांदे उडवले अन् जॅक लावला. टायरं चढल्यावर जीप अशी उंच दिसायला लागली की केरबा तिच्याभोवती तीन चकरा मारून आला. वर टपावर कॅरिअर होतं, त्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या. म्हणजे पाय लांब, अंग अरुंद अन् डोक्यावर ओझं. शहाण्याला एवढ्यात पुढचं दिसलं असतं.

बानाबाई नवं लुगडं नेसून शेजारी बसली. सडकेपासून कलतीपर्यंत सगळं झ्याक चाललं. कलतीवर जीप कलली, अजून कलली, अन् मग पडली म्हणायलाही लाज वाटावी इतक्या सावकाश, दमलेली म्हैस बसावी तशी ओघळात आडवी झाली. खाली बानाबाई, तिच्यावर केरबा अन् दोघांवर कडबा. केरबा धडपडत उठला, जीपला वळसा घालून तडक चाकापाशी गेला, रिमवरून हात फिरवला अन् ओरडला, “वाचलो! रिम वाकली नाय!”

बानाबाई चिखलातनं आपली आपण बाहेर आली. तिनं तोंड पुसलं, पदर पिळला. आवाज ऐकून वाडीतली माणसं धावत आली होती. त्यांच्या देखत ती शांतपणे म्हणाली, “परत तुमच्या शेजारी बसले, तर बापाचं नाव लावनार नाय.”

अन् चालत घरी गेली.

माणसांत कडुबा होता. कडुबाच्या जिभेला हाड नव्हतं. जीप सरळ करता करता तो म्हणाला, “केरबा, गाडी लई गुणाची हाय रं. थकली की लोळण घेती!” झालं. त्या दिवसापासून जीपचं नाव पडलं लोळणबाई.

केरबानं हार मानली नाही. हार मानायला अक्कल लागते. त्यानं डोकं लढवलं की कलतीवर जीप खालच्या अंगाला पडते, तर वरच्या अंगाला वजन टाकावं. दगडांची दोन पोती भरून त्यानं वरच्या बाजूला घट्ट बांधली. जाताना जीप कलतीवरून राणीसारखी गेली. केरबानं सडकेवर जाऊन शीळ घातली, गाडी वळवली अन् परत निघाला. येताना वरची बाजू खालची होते, हे त्याला जीप आडवी होताना कळलं. ह्या खेपेला शेजारच्या शीटवर कुणी नव्हतं, एवढंच नशीब. कडुबानं विचारलं, “परतीची पोती येगळी ठेवायची का रं?”

मग तऱ्हा अशी सुरू झाली की बाजारच्या दिवशी बानाबाई डोक्यावर गाठोडं घेऊन चालायची अन् केरबा तिच्या शेजारनं पहिल्या गिअरमध्ये रिकामी जीप चालवायचा.

“बस ना,” तो म्हणायचा.

“नाय.”

“गाठोडं तरी ठिव.”

“त्याला कशाला मारता?”

कलती आली की तो जीव मुठीत धरून गाडी इंच इंच सरकवायचा अन् बानाबाई त्याच्या आधी घरी पोचायची. लोक बांधावर बसून ही वरात बघायचे. केरबाला स्वतःचंच हसू यायचं. पण रात्री घोंगडीवर पडलं की ते हसू मावळायचं. बानाबाई त्याच्याशी बोलायची, वाढायची, सगळं करायची, पण मनातनं कुठंतरी दोन हात लांब बसलेली असायची.

तिला गाडीच्या बदनामीची लाज वाटते, असा त्यानं अंदाज बांधला. म्हणून तो रंगाचा डबा घेऊन पुंडलिककडं गेला. जीपच्या कपाळावर ‘गरुड’ लिहून घ्यायचं होतं.

“पुंडल्या,” तो हसत म्हणाला, “आमच्याबी गाडीचं नामांतर करून टाक.”

बोलला अन् त्यानं जीभ चावली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून पुंडलिकनं मोर्चे काढले होते, लाठ्या खाल्ल्या होत्या, तुरुंगात राहून आला होता. अठ्ठ्याहत्तर सालच्या नामांतराच्या दंगलीत गावातलं त्याचं घर जाळलं होतं, म्हणून तर तो शहराकडं आला अन् टायरवाला झाला. धरणीनं पोटात घ्यावं असं केरबाला झालं.

पुंडलिक रागावला नाही. त्यानं डब्यावर झाकण दाबलं. “नाव रंगानं लागत नसतं, केरबा,” तो म्हणाला. “आम्ही सोळा वर्सं झाली मागतोय. तुझी गाडी आधी उभी ऱ्हाऊ दे. नावाचं मग बघू.”

केरबा खाली मान घालून परतला.

त्याच आठवड्यात एक मेंढी व्याली. सकाळी केरबा मेंढरांच्या वाड्याच्या काठ्यांपाशी दात घाशीत उभा होता. कोकरू उठायला बघत होतं. पाय जुळवून उठलं की पडायचं. पुन्हा उठलं की पुन्हा पडायचं. मग त्यानं चारी पाय असे फाकवले की पोट जमिनीला टेकायला आलं, अन् राहिलं की उभं! केरबाच्या तोंडातली राखुंडी तशीच राहिली. जन्मभर मेंढरं बघितली, बापाची नजर मिरवली, अन् बघितलं काय, तर विकायच्या मेंढ्याचे उंच पाय. उभं कसं राहायचं हे पहिल्या दिवसाच्या कोकराला कळत होतं, ह्या शहाण्याला नाही.

संक्रांतीच्या दिवशी तो पुन्हा दुकानात गेला. दुकान अर्धं बंद होतं, दारात निळा झेंडा, आत रेडिओ चालू. पुंडलिकचे डोळे लाल झाले होते. सरकारनं नाव दिलं होतं.

“अख्खं नाय दिलं,” तो म्हणाला. “मराठवाडा ठिवलाय अन् पुढं बाबासायबांचं नाव जोडलंय. पण दिलं, केरबा. दिलं!” अन् त्यानं केरबाच्या तोंडात पेढा कोंबला. केरबानं त्याला मिठी मारली, त्याला दुसरं काही सुचलं नाही.

मग डोळे पुसून पुंडलिकनंच विचारलं, “बोल, आज कसला मेंढा पायजे?”

“बुटका,” केरबा म्हणाला. “रुंद खुराचा. अन् पाय फाकवून उभा ऱ्हाणारा.”

पुंडलिक खदखदून हसला. दोघांनी मिळून ढिगातनं कमी उंचीची, रुंद टायरं काढली. रिमा अशा निवडल्या की चाक दोन्ही अंगांनी चार बोटं बाहेर उभं राहील. हवा जरा कमीच ठेवली, म्हणजे टायर दगडावर उड्या न मारता त्याला धरून चालेल. टपावरचं कॅरिअर तर केरबानं स्वतःच उपटलं. जीप आता बेडकासारखी बसकी दिसत होती. केरबाला ती पहिल्यांदाच देखणी वाटली.

दुसऱ्या दिवशी किंक्रांत होती. असल्या दिवशी नवं काही करू नये म्हणतात, पण केरबाला दम कुठला? सगळी वाडी कलतीवर जमली. बानाबाईही आली. तिनं चाकं बघितली, नवऱ्याकडं बघितलं अन् म्हणाली, “आधी सरदाराला बसवा.”

सरदार म्हणजे कळपातला थोरला मेंढा. त्याला शेजारच्या शीटवर, केरबानं अंथरलेल्या घोंगडीवर बांधलं. माणसं पोट धरून हसत होती. केरबानं लढाईला निघाल्यागत तोंड केलं अन् गाडी सडकेच्या दिशेनं सोडली. बानाबाई वरच्या अंगानं, जीपच्या जरा मागं, चाकावर डोळा ठेवून चालायला लागली.

जीप कलतीवर आली. थोडी कलली अन् थांबली, तशीच तोल धरून पुढं सरकत राहिली. अर्धी कलती पार झाली. तेवढ्यात मागं मुरूम घसरल्याचा आवाज झाला अन् बानाबाई ओरडली, “आगं आई!”

केरबानं उडी टाकली. ब्रेक नाही, गिअर नाही, काही नाही, सरळ उडी. बानाबाई वाटेत बसली होती अन् घोटा दाबून धरला होता. तो गुडघ्यावर बसला, तिचं पाऊल हातात घेतलं.

“गाडी! केरबा, गाडी!” मागनं आरडाओरडा झाला.

केरबानं मान वळवली नाही. “हितं दुखतंय? की हितं?” तो विचारत होता.

जीप आपली आपण चालली होती. उरलेली कलती तिनं न कलंडता पार केली, उतारानं हळूहळू खालच्या मोकळ्या रानात गेली अन् बांधाला टेकून चारी चाकांवर थांबली. सरदार शेजारच्या शीटवर तसाच बसून इकडंतिकडं बघत होता.

“अरं केरबा,” कडुबा ओरडला, “तुझ्यापरीस सरदार बरी चालवतो की!”

“गाडी गेली तुमची,” बानाबाई म्हणाली.

“जाऊ दे गं. हाड मोडलं का ते बघू दे आधी.”

बानाबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, अन् ते घोट्याचं नव्हतं.

“पडल्याचं मला काय बी वाटलं नव्हतं,” ती हळूच म्हणाली. “त्या दिशी मी चिखलात हुते अन् तुमी आधी चाकाला हात लावला.”

केरबाला एकेक आठवलं. टायरं बदलली, पोती बांधली, रिमा बदलल्या, रंग आणला. अन् सगळ्या वाडीला दिसलेलं कारण ह्या मेंढ्यांच्या पारख्याला तेवढं दिसलं नव्हतं. त्याला आपलाच एवढा राग आला की हसूच फुटलं, अन् हसता हसता तो रडायला लागला.

“चुकलो गं,” तो म्हणाला.

“कळलं,” ती म्हणाली. तिनं त्याच्या खांद्यावर हात टाकून स्वतःला उठवलं अन् लंगडत जीपच्या दिशेनं निघाली.

“उठा आता. त्या मेंढ्याला मागं बसवा. माझी जागा हाय ती.”